‘पगार’ शब्दाचे कुळ

गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस घाटकोपरच्या आमच्या बिऱ्हाडी एक लहानसा वाद झाला. भांडी घासावयास येणाऱ्या बाईंनी पगाराचा विषय काढला, तेव्हा शुद्ध मराठीचे कट्टर अभिमानी असे आमचे एक वडील स्नेही तेथे बसले होते. “पगार नव्हे, वेतन म्हणावे,” ते म्हणाले. “काय म्हणायचे ते म्हणा, पण पुरा द्या,” बाई उत्तरल्या. मुलाच्या तापामुळे त्यांचे चार खाडे झाले होते व तेवढे पैसे आम्ही कापले होते.

स्नेह्यांचे म्हणणे निराधार नव्हे. हा शब्द पोर्तुगीजांचा. इ. स. १५३४ मध्ये वसईबरोबर साष्टी बेट त्यांच्या हाती गेले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे त्याच बेटावरची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, फिरंगी गेले. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यांवर त्यांच्या वास्तूचे भग्न अवशेष उरले, आणि आपल्या घरांत पाव, चावी, बादली, घमेले व पगार! पोर्तुगीजांत ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. आपण त्याचे नाम केले. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ या म्हणीत तर पोर्तुगीज, इंग्रजी व संस्कृत एकाच पंगतीस बसली आहेत.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे; ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तिच्यापासून ते झाले. पुढे ऋणकोने धनकोस शांत करणे, अर्थात देणे फेडणे, असा अर्थ रूढ झाला. इंग्रजांचा ‘पे’ याच कुळातला. रुमानियन भाषाही लॅटिनचीच कन्या. परंतु तिच्या घरी हे कुळ पैशाकडे वळलेच नाही. तेथे ‘पाचे’ म्हणजे आजही शांतताच. पैसे देण्यासाठी तिने स्लाव शेजाऱ्यांचा शब्द उसना घेतला.

याहून मागे गेल्यास ‘पाक्स’च्या मुळाशी ‘बांधणे’ हा अर्थ सापडतो, आणि आपला संस्कृत ‘पाश’ त्याचा सगोत्र असल्याचे भाषापंडित मानतात. हे सांगताच स्नेह्यांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. पगारास पंक्तीत घेण्यास त्यांची हरकत उरली नाही.

आमच्या मनात मात्र तो धनको घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी चार दिवसांचे कापलेले पैसे आम्ही बाईंच्या हाती ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले, पदराच्या टोकास गाठ मारली, आणि मुलाचा ताप उतरल्याचे सांगितले.