भौतिकशास्त्र व जीवशास्त्र यांच्या सीमेवरील संशोधन आणि बीजनिधी : ग्वाल्हेरच्या संदर्भात

संशोधनासाठी मिळणाऱ्या पैशाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात काम काय होणार, कोणती उपकरणे लागणार, किती महिन्यांत काय हाती येणार हे बऱ्याच अंशी ठाऊक असते. प्रस्तावासोबत पूर्वीच्या कामाची आकडेवारी जोडलेली असते आणि परीक्षक समिती तिच्या आधारे निर्णय घेते. दुसऱ्या प्रकारात हातात केवळ एक शंका असते. ती विचारण्याजोगी आहे की नाही, हेच पाहायचे असते. या अवस्थेत दिला जाणारा, रकमेने लहान व मुदतीने अल्प असा पैसा म्हणजे बीजनिधी. त्यातून होणाऱ्या प्रयत्नांपैकी बरेचसे पुढे जाणार नाहीत हे देणाऱ्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीत सुटले की त्या निधीचे नाव बीजनिधी राहते, पण काम मात्र साध्या अनुदानाचे होते.

महाविद्यालयीन शिक्षकाला ही गोष्ट एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. एवढ्या उष्णतेत उघड्यावर साचलेले पाणी तापते व आटते, त्यामुळे डासांची पैदास मंदावावी अशी अपेक्षा असते. परंतु याच दिवसांत लष्कर भागातील गल्ल्यांपासून नव्या वसाहतींपर्यंत घरोघरी कूलर चालू असतात. कूलरच्या टाकीतले पाणी गवताच्या जाळ्यांवरून फिरते, त्याचा काही भाग वाफ होऊन जातो आणि उरलेले पाणी थंड होते. हवेचे तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचा तापमापक साधारण २३ अंश दाखवील. सतत चालणाऱ्या कूलरमधील पाणी याच तापमानाकडे झुकते. म्हणजे बाहेर होरपळ चालू असताना घराच्या खिडकीत एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अळ्यांना मानवेल अशी थंडगार टाकी तयार असते.

येथपर्यंतचे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. पुढचे मात्र नाही. वीज गेली किंवा घरातील माणसे कामावर गेली की कूलर बंद पडतो आणि पाणी पुन्हा तापू लागते. पत्र्याचा कूलर व प्लास्टिकचा कूलर, उन्हातला व सावलीतला, यांत किती फरक पडतो? दिवसातून दोनदा असा चढउतार झाल्यास अळीची वाढ लांबते की अळी मरते? उबदार पाण्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात आणि त्यावरूनच टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करण्याचा सल्ला दिला जातो. ग्वाल्हेरच्या कूलरमध्ये हा अवधी खरोखर किती भरतो, हे कोणी तरी मोजले पाहिजे. बाष्पीभवनाचा भाग भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचा आणि अळीचा भाग प्राणिशास्त्राच्या शिक्षकाचा. दोघे एकाच इमारतीत, बहुधा एकाच स्टाफरूममध्ये बसतात. साहित्यही फार लागत नाही : नोंद ठेवणारे काही तापमापक, जाळीने झाकलेली भांडी, एक बरे सूक्ष्मदर्शक आणि एक उन्हाळा. अळ्यांचे पूर्ण डास होऊन बाहेर पडणार नाहीत, एवढी दक्षता मात्र अनिवार्य.

असा प्रस्ताव मोठ्या अनुदानासाठी पाठवला तर काय होते? भौतिकशास्त्राच्या समितीला त्यात नवे भौतिकशास्त्र दिसत नाही. ओल्या फुग्याचे गणित जुनेच आहे. जीवशास्त्राच्या समितीला तापमापकांवरचा खर्च अवांतर वाटतो. दोघीही विचारतात, प्राथमिक आकडेवारी कोठे आहे? ती मिळवण्यासाठीच तर पैसा हवा असतो. दोन विषयांच्या मध्ये पडलेला प्रश्न अशा रीतीने कोणीही न नाकारता नाहीसा होतो. सीमेवरील संशोधनाला बीजनिधीची गरज इतरांपेक्षा अधिक असते ती या कारणाने.

ग्वाल्हेर शहराला अशा सुरुवातीचा अनुभव नाही असे नाही. १९४७ मध्ये महाराजा जिवाजीराव शिंदे यांच्या काळात येथे जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. नावाप्रमाणे तिचा रोख उद्योगांकडे होता. पुढे ही वास्तू संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ मध्ये तेथे आजची संरक्षण संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे डीआरडीई, उभी राहिली. रासायनिक व जैविक धोक्यांपासून संरक्षण हे तिचे मुख्य काम. अंगाला लावायचे डीईपीए हे डास-प्रतिबंधक रसायन येथेच विकसित झाले. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य रोगांच्या निदानावरही येथे काम झाले आहे. सामान्य वाचकाला अधिक परिचित असलेले उदाहरण रेल्वेच्या जैव-शौचालयाचे आहे. अतिथंड प्रदेशातील जवानांच्या मैल्याचे विघटन होत नाही, हा मूळ प्रश्न. विघटन करणारे जिवाणू थंडीत मंदावतात, तेव्हा एकीकडे थंडी सोसणारे जिवाणू शोधायचे आणि दुसरीकडे टाकीतली उष्णता टिकवायची, असा तो दुहेरी उद्योग होता. या टाक्यांत आधी तयार जिवाणूंचे विरजण घालावे लागते. तेच तंत्र पुढे रेल्वेच्या डब्यांत आले. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेला नियमित अर्थसंकल्प असतो, म्हणून हे बीजनिधीचे उदाहरण नव्हे. मात्र ज्या औद्योगिक प्रयोगशाळेपासून हे सारे सुरू झाले, तिच्या आरंभी यातील कशाचीही कल्पना कोणाला असणे शक्य नव्हते.

बीजनिधीचे खरे उदाहरण मुंबईत सापडते. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा वार्षिक खर्च ८०,००० रुपयांचा धरलेला होता. त्यांतील ४५,००० सर दोराबजी टाटा ट्रस्टने, २५,००० मुंबई सरकारने आणि १०,००० केंद्राकडून आले. संस्था भौतिकशास्त्र व गणिताची. संस्थापक होमी भाभा हे विश्वकिरणांचे अभ्यासक. तरीही १९६२ मध्ये भाभांनी तेथे रेण्वीय जीवशास्त्राचा एक छोटा घटक उघडला आणि तो जेमतेम तिशीतल्या ओबेद सिद्दीकी यांच्या हाती दिला. सिद्दीकींचे शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाले होते. ग्लासगो येथे ग्विदो पोन्तेकोर्व्हो यांच्याकडे त्यांनी आनुवंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अमेरिकेत काम केले. भाभांशी त्यांचा संबंध जुळवून देण्यात लिओ झिलार्ड यांचा हात होता. अणुशृंखला-अभिक्रियेची कल्पना मांडणारा हा भौतिकशास्त्रज्ञ युद्धानंतर स्वतःच जीवशास्त्राकडे वळला होता. दोन भौतिकशास्त्रज्ञांनी मिळून एका जीवशास्त्रज्ञावर विश्वास टाकला, असे हे चित्र.

भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्रावर खर्च कशाला, हा प्रश्न कोणत्याही समितीत उपस्थित झाला असता. येथे तो संस्थेच्या प्रमुखानेच मागे ठेवला. १९६६ मध्ये भाभांचे विमान-अपघातात निधन झाले तेव्हा घटक अवघा चार वर्षांचा होता, आणि तो टिकला. बीजाला मुदतीइतकेच पाठबळही लागते, ते असे.

फळ कोणत्या रूपात आले हेही पाहण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात सिद्दीकींनी कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्याबरोबर फळमाशीवर काम केले. बेन्झरही मूळचे घन-अवस्था भौतिकशास्त्राचे. त्या माश्यांत काही उत्परिवर्तित प्रकार असे होते की तापमान वाढवले की माशी पंगू होऊन पडे आणि थंडावा मिळताच पुन्हा उठून चालू लागे. माशीच्या चेतातंतूंत विद्युत्-अग्रे घालून या दोघांनी १९७६ मध्ये दाखवले की बिघाड चेतातंतूंच्या विद्युत्-संदेशांत आहे. त्यांपैकी ‘पॅरा’ नावाचे जनुक सोडियमच्या आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनाचे आहे हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. एका जनुकातील दोष, तापमान आणि विद्युत्-प्रवाह अशी तिन्ही टोके एका माशीत जुळली. पुढे मुंबईच्या याच गटात, गोव्याशी नाते असलेल्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या चव व वासाच्या संवेदनांवर मोलाचे काम केले. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र याच घटकातून वाढले. १९६२ मध्ये दोन वर्षांनी निष्पत्तीचा अहवाल मागितला असता, तर त्यात लिहिण्यासारखे किती असते?

बाहेरच्या जगातही हीच रीत दिसते. १९३२ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या नैसर्गिक विज्ञान विभागाचे प्रमुख असलेले वॉरन वीव्हर हे गणिती होते. भौतिकशास्त्राची साधने जीवशास्त्रात आणणाऱ्यांना त्यांनी हेरून मदत दिली. ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी’ ही संज्ञा त्यांच्याच १९३८ च्या अहवालातून रूढ झाली. विषयाला नाव मिळण्याआधी पैसा मिळाला होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी.

आता आजच्या शिक्षकाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघुसंशोधन प्रकल्प हा पूर्वी महाविद्यालयीन शिक्षकाचा नेहमीचा आधार होता. पंचवार्षिक योजनांचे पर्व २०१७ मध्ये संपल्यावर तो मागे पडला. २०२२ मध्ये आयोगाने नव्याने नेमलेल्या अध्यापकांसाठी डॉ. कोठारी यांच्या नावाने १० लाख रुपयांचे अनुदान जाहीर केले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले आणि जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. जैवतंत्रज्ञान विभागाची २००८ पासूनची स्टार कॉलेज योजना पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना बळ देते आणि तिच्यात भौतिकशास्त्राचा विभागही सामील होऊ शकतो. मध्य प्रदेशात भोपाळची राज्य विज्ञान व प्रौद्योगिकी परिषद आहे. सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षकाला यांपैकी बऱ्याच ठिकाणी स्वतंत्रपणे अर्ज करणे कठीण जाते. जिवाजी विद्यापीठासारख्या जवळच्या विद्यापीठातील एखाद्या विभागाला सहभागी करून घेणे हा व्यवहार्य मार्ग.

यापेक्षा जवळचा स्रोत संस्थेचा स्वतःचा आहे. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये यांना शिक्षकांसाठी दिलेल्या बीजनिधीची माहिती द्यावी लागू लागली. त्यामुळे हा शब्द सर्वत्र पोहोचला, हे चांगलेच झाले. परंतु गुणांसाठी तरतूद करायची आणि ती सर्व विभागांत समान वाटून टाकायची, असे झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रिंटरच्या शाईपुरते पैसे येतात. वीस जणांना पाच-पाच हजार देण्यापेक्षा दोन जोड्यांना पन्नास-पन्नास हजार देणे अधिक न्याय्य ठरेल, मग स्टाफरूममध्ये थोडी कुरबुर झाली तरी. जोडी म्हणण्याचे कारण असे की दोन भिन्न विभागांतील दोन शिक्षकांची सही असल्याखेरीज अर्जच घ्यायचा नाही, एवढ्या एका अटीने अर्धे काम होते.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. निधी जानेवारीत मंजूर झाला, दरपत्रके मागवण्यात फेब्रुवारी गेला आणि शिल्लक रक्कम ३१ मार्चला परत करायची असेल, तर ग्वाल्हेरच्या कूलरचा अभ्यास होणारच नाही. कूलर एप्रिलमध्ये बाहेर निघतात, जून अखेरीपर्यंत चालतात आणि डेंग्यूचे रुग्ण वाढतात ते पावसाळ्यानंतर. अशा कामासाठी मुदत अठरा महिन्यांची हवी आणि विनियोग दाखला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मागायला हवा. संस्थेच्या स्वतःच्या निधीबाबत हा बदल व्यवस्थापन मंडळाच्या एका ठरावाने करता येतो. अहवालात ‘अपेक्षित फरक आढळला नाही’ असे लिहिण्याची मुभाही त्याच ठरावात नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या जोडीला हिशेब तपासनिसाची धास्ती राहणार नाही.