कर मालमत्तेवर, कुऱ्हाड रोजगारावर!

मुंबई महानगरपालिकेने 2025-26 च्या अर्थसंकल्पात झोपडपट्ट्यांतील व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर लावण्याचे जाहीर केले. असे सुमारे 50 हजार गाळे आहेत व त्यांतून 350 कोटी रुपये मिळतील, असा पालिकेचा अंदाज. आम्ही साधा भागाकार केला. गाळ्यामागे सरासरी 70 हजार रुपये! म्हणजे दरमहा जवळपास सहा हजार.

कोण आहेत हे गाळेवाले? धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणारे, भंगार निवडणारे, शिलाई मशीन चालविणारे. बहुतांशी आपलेच कष्टकरी बांधव! दोन-चार कारागिरांच्या गाळ्यावर हा बोजा पडला की काय होईल? कच्चा माल स्वस्त होणार नाही, वीजबिल थांबणार नाही. कमी होईल तो एक कारागीर. गाळा भाड्याचा असेल तर जागामालक हा कर भाडेकरूच्याच माथी मारणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मुंबईत 2010 पासून हा कर भांडवली मूल्यावर बसतो. जागेचा भाव पाहिला जातो. धंदा चालला की बुडाला, हे पाहिले जात नाही. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून करमाफी मिळाली, ती योग्यच. पण तेवढ्याच जागेत चार घरांची चूल पेटविणाऱ्या गाळ्याला ती नाही!

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमके याच अन्यायावर बोट ठेवले होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर नाही. शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही चुकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. शेतसाऱ्याच्या जागी मालमत्ता कर ठेवा, आक्षेप आजही तोच उरतो.

जकात 2017 मध्ये गेली, पालिकेला पैसा हवा, हे आम्हाला मान्य आहे. रस्ते, पाणी वापरणाऱ्याने कर द्यावा, हेही मान्य. पण तो ऐपतीनुसार असावा. छोट्या गाळ्यांना घरांप्रमाणे माफी द्या, मोठ्यांना टप्प्याटप्प्याने दर लावा.

बांधवांनो, एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवा. कराची पावती म्हणजे गाळा अधिकृत झाल्याचा दाखला नव्हे. मात्र जुना ताबा व वापर दाखविण्यास ती पुरावा म्हणून कामी येते, जपून ठेवा. देयक आले तर घाबरू नका, गप्पही बसू नका. क्षेत्रफळ व वापराची नोंद तपासा, मुदतीत लेखी हरकत घ्या, पोच घ्या. एकेकट्याने नव्हे, वस्तीने मिळून जा. संघटित झालो तरच कारागिराच्या हातचे काम वाचेल.

जय भीम!