भेगाळलेल्या टाचा आणि रात्रीचे मलम

पलूस परिसरात थंडी आणि ऊसतोड बरोबरच येतात. पहाटेचा गारठा, दुपारची कोरडी हवा आणि पायांखाली माती व पाचट. या दिवसांत अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या टाचांना भेगा पडतात. ऊसतोड मजुरांच्या आणि द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांच्या हातांनाही पडतात. 'थंडी आहे, चालायचेच,' असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण भेग का पडते, हे कळले तर उपाय सोपा आहे.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. त्यामुळे आतले पाणी सहजासहजी उडून जात नाही. कोरड्या हवेत ते अधिक वेगाने उडते. कडकडीत पाणी आणि कपड्यांचा साबण यांनी स्निग्धांश धुऊन जातो. तळहात आणि तळपाय यांना तर तैलग्रंथीच नसतात. टाचेचा जाड थर वाळून ताठ होतो आणि अंगाचा भार पडला की तडकतो.

व्हॅसलीन त्वचेला पाणी देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही. वर्गात हे दाखवता येईल. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्या. एकीला सर्व बाजूंनी व्हॅसलीन लावा. दोन्हींचे वजन करून त्या रात्रभर उघड्या ठेवा. सकाळी पुन्हा वजन करा. कोणती चकती जास्त हलकी झाली, हे मुलांनाच सांगू द्या.

यावरून रात्रीचा क्रम ठरतो. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. मग ते टिपून घ्यावेत आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा कोकमतेल चोळावे. वर सुती मोजे घालावेत. हे रात्रीच का? कारण झोपेत मलम पुसले जात नाही, धूळ बसत नाही आणि त्वचेतून पाणीही रात्री अधिक जाते.

मात्र रात्री लावायचे प्रत्येक मलम निरुपद्रवी नसते. गोरेपणासाठी काही जण स्टिरॉइडची मलमे महिनोन्‌महिने लावतात. त्यांनी त्वचा पातळ होते, पुरळ उठते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम 2018 साली झाला. मुलांना हे आपणच सांगायला हवे.

भेगेतून रक्त येत असेल, तर मातीतून धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात. 10 आणि 16 व्या वर्षीची धनुर्वाताची लस मुलांनी घेतली आहे का, हे शाळेत जरूर तपासावे. घरात कोणाला मधुमेह असेल आणि पायाला भेगा असतील, तर घरगुती उपायांवर न थांबता त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवावेत. मुलांच्या तोंडी हा निरोप घरी पोचला, तर या पाठाचे चीज झाले, असे आम्हांला वाटते.