मानसिक लवचिकता-मापन : भाषांतरित प्रश्नावलीचे परीक्षण

आपत्ती, वियोग, आजार वा दारिद्र्य यांच्या आघातानंतर मनाचे संतुलन टिकविण्याच्या किंवा ते पुन्हा मिळविण्याच्या क्षमतेस मानसिक लवचिकता म्हणतात. ही क्षमता प्रत्यक्ष मोजता येत नाही. काही विधानांशी व्यक्ती कितपत सहमत आहे, यावरून तिचे अनुमान केले जाते. म्हणून एका भाषेतील प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणल्यावर ती तीच गोष्ट मोजते की नाही, हे नव्याने तपासावे लागते.

जी. एम. वॅग्निल्ड व एच. एम. यंग यांनी अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीत २५ विधाने असून प्रत्येकास १ ते ७ गुण असतात. म्हणजे एकूण गुण २५ ते १७५ येतात. वैयक्तिक सामर्थ्य आणि स्वतःचा व जीवनाचा स्वीकार, असे तिचे दोन घटक मानले होते. जे. शूमाखर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिची जर्मन आवृत्ती प्रसिद्ध केली. जर्मन माहितीत मात्र एकच सर्वसाधारण घटक प्रमुख ठरला व ११ विधानांची संक्षिप्त श्रेणी तयार झाली. भाषांतर बिनचूक असले, तरी मापनाची रचना बदलू शकते, हे यावरून दिसते.

परकीय कसोटी मराठीत आणण्याचे जुने उदाहरण बुद्धिमापनातील आहे. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने कसोटीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी अनुकूलन करून त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी प्रश्नांचे केवळ भाषांतर केले नाही, तर येथील मुलांवर ते पडताळून वयानुसार त्यांची फेरमांडणी केली.

लवचिकतेच्या प्रश्नावलीसही हाच न्याय लागू पडतो. प्रथम दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे. मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ते उलट भाषांतरित करावे. त्यानंतर उत्तरदात्यांना प्रत्येक विधानाचा अर्थ विचारावा. जर्मनमधील प्रथमपुरुषी क्रियापद लिंगनिरपेक्ष असते; मराठीत ‘करतो’ व ‘करते’ असे दोन पाठ लागतात. ‘स्वीकार’ म्हणजे समंजसपणा की निरुपाय, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. सोशिकपणा हा स्त्रीचा गुण मानणाऱ्या समाजात मुकाट सोसणेही लवचिकता म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. शेवटी विश्वसनीयता, घटकरचना व यथार्थता तपासून स्थानिक मानके ठरवावी लागतात.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे असे परीक्षण करावयाचे झाल्यास केवळ विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा नमुना पुरेसा ठरणार नाही. या शहरात मराठीबरोबर दखनी-उर्दू बोलली जाते. औद्योगिक वसाहतींतील कामगार आणि कोरडवाहू शेतकरी यांचे जीवनही भिन्न आहे. निरक्षरांना विधाने वाचून दाखवावी लागतात आणि सात टप्प्यांतील सूक्ष्म फरक तोंडी सांगणे कठीण जाते.

मराठवाड्यात या प्रश्नाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजीचा किल्लारीचा भूकंप, वारंवारचे दुष्काळ व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे मानसिक साहाय्य कोणास प्रथम द्यावे, हा निर्णय अशा गुणांवरून घेण्याचा मोह होऊ शकतो. जर्मन लोकसंख्येवरून ठरविलेली मर्यादा येथे तशीच लावल्यास खचलेला मनुष्य ‘सक्षम’ ठरून मदतीवाचून राहील. म्हणून स्थानिक परीक्षण पूर्ण होईपर्यंत भाषांतरित प्रश्नावली संशोधनापुरतीच वापरावी; व्यक्तीविषयीचा निर्णय प्रत्यक्ष मुलाखतीवर सोपवावा.