रिंगमध्ये नव्हे, रिंगला जोडा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, तेलंगणाच्या सीमेजवळच्या झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. इथल्या चुनखडीच्या भरवशावर उभारलेला बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन. अशा कारखान्यांत क्रशर, भट्टी, सिमेंट मिल आणि पॅकिंग हे विभाग एकमेकांपासून लांब असतात. त्यांना जोडायला ऑप्टिकल फायबरची रिंग टाकणे ही या उद्योगातली रुळलेली पद्धत आहे. खरा प्रश्न पडतो तो एकट्या संगणकाचा. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर एकच संगणक असतो. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकचे वजन नोंदवणे आणि पावती काढणे एवढेच त्याचे काम. ग्रामपंचायतीत दाखले काढून देणारा संगणकही बहुधा असाच एकटा. रिंग दारावरून गेलेली असते, मग त्याला तिच्याशी कमी खर्चात कसे जोडायचे? त्याला रिंगमध्ये बसवू नये, रिंगला जोडावे, आणि त्यातून वाचलेला पैसा जोडाच्या ठिकाणी लावावा, हे याचे उत्तर आहे. स्वस्त पर्याय इथे तडजोड म्हणून स्वीकारायचा नाही. तांत्रिकदृष्ट्याही तोच बरोबर आहे.

त्याचे कारण दुहेरी रिंगच्या रचनेतच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत फायबर डिस्ट्रिब्युटेड डेटा इंटरफेस, म्हणजे एफडीडीआय, हे मानक आकाराला आले. साधे इथरनेट १० मेगाबिटवर चालत होते तेव्हा एफडीडीआयचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट होता. दुहेरी रिंगचा घेर १०० किलोमीटरपर्यंत, तिच्यावर ५०० पर्यंत स्थानके, आणि साध्या मल्टिमोड फायबरवर दोन स्थानकांत २ किलोमीटरचे अंतर चालत असे. दोन रिंगांतून माहिती उलटसुलट दिशांनी फिरते. एकीवर रोजचे काम होते, दुसरी राखीव असते. केबल तुटली किंवा एखादे स्थानक बंद पडले, की त्याच्या दोन्ही बाजूंची स्थानके प्रवाह राखीव रिंगमध्ये वळवतात आणि दोन रिंगांची मिळून एक लांब रिंग होते. काम थांबत नाही. पण ही सोय एकाच बिघाडापुरती आहे. पहिला दुरुस्त होण्याआधी दुसऱ्या ठिकाणी बिघाड झाला, तर रिंगचे दोन तुकडे पडतात आणि एका तुकड्यातली यंत्रे दुसऱ्या तुकड्याला दिसेनाशी होतात.

आता वजनकाट्यावरचा संगणक थेट या रिंगमध्ये बसवला तर काय होईल ते पाहा. संगणक हे बंद होणारे यंत्र आहे. पाळी संपली की तो बंद होतो, वीज गेली की बंद होतो, सॉफ्टवेअर अद्ययावत करताना पुन्हा सुरू करावा लागतो. रिंगच्या हिशेबी यातली प्रत्येक वेळ हा एक बिघाडच. असे दोन संगणक वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी बंद झाले, तर कुठलीही केबल न तुटता रिंग दुभंगते. यावर ऑप्टिकल बायपास स्विचचा उपाय होता: यंत्राची वीज गेली की प्रकाश त्याला वळसा घालून पुढे जाई. पण प्रत्येक बायपासमध्ये थोडा प्रकाश वाया जातो, आणि मल्टिमोडवर दोन स्थानकांमध्ये एकूण ११ डेसिबलचीच घट परवडते. सलग काही यंत्रे बंद असली, की उरलेला प्रकाश पुढच्या स्थानकाला वाचता येत नाही. शिवाय दोन्ही रिंगांना जोडणाऱ्या कार्डावर प्रकाश पाठवणारे आणि घेणारे भाग दोन जोड्यांत लागत आणि केबलही दुप्पट लागे. म्हणजे जास्त पैसे मोजून सगळ्यांचा धोका वाढवायचा.

मानक लिहिणाऱ्यांनी म्हणूनच एकेरी जोडणीचे स्थानक हा वेगळा प्रकार ठेवला. असा संगणक रिंगला शिवत नाही. त्याची एकच वायर कॉन्सन्ट्रेटर नावाच्या पेटीत जाते. ही पेटी मात्र दोन्ही रिंगांवर असते. संगणक बंद झाला की पेटी आपले तेवढे एक पोर्ट बाजूला काढते आणि रिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. कार्ड अर्ध्या सामानात होते. पुढे हीच जोडणी १०० मीटरपर्यंत तांब्याच्या जोडतारेवरही करता येऊ लागली, तेव्हा खर्च आणखी उतरला. एफडीडीआय आज मागे पडले, नियम मात्र टिकला. वीज उपकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या एचएसआर या आजच्या रिंग पद्धतीतही साधा, एका पोर्टचा संगणक थेट रिंगमध्ये बसवता येत नाही. त्यासाठी रेडबॉक्स नावाची मधली पेटी लागते. कारखान्यात हे काम रिंगवरचा औद्योगिक स्विच करतो. काटा १०० मीटरच्या पुढे असेल तर स्विचपासून फायबरची एक जोडी, टोकाला मीडिया कन्व्हर्टर आणि तिथून संगणकापर्यंत लहानशी पॅच कॉर्ड एवढे पुरते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कडाडणाऱ्या विजेचा झटका या वाटेने स्विचपर्यंत पोहोचत नाही, हा वेगळा लाभ.

यावर पहिला आक्षेप असा, की एकच वायर असेल तर ती तुटल्यावर काटा बंद पडेल आणि ट्रकची रांग लागेल. आक्षेप खरा आहे, पण नुकसान एका संगणकापुरते राहते. नोंदी संगणकातच साठवून नंतर पाठवण्याची सोय केली तर पावत्या थांबत नाहीत. ज्या ठिकाणी थांबणे परवडतच नाही, तिथे दोन वेगळ्या पेट्यांना दोन वायर द्याव्यात, एक चालू आणि एक राखीव; एफडीडीआयमध्येही ही सोय होती आणि तेव्हाही यंत्र रिंगच्या बाहेरच राहत असे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पेटीच बंद पडली तर तिच्यावरचे सगळेच बंद. म्हणून तर वाचलेला पैसा तिथे घालायचा. पेटीला दोन वीजपुरवठे हवेत, बॅटरी हवी, धूळ न शिरणारे कपाट हवे. आणि रिंगच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाटांनी न्यायला हव्यात. दोन्ही केबल एकाच चरात टाकल्या, तर जेसीबीच्या एका घावात दोन्ही तुटतात आणि रिंग फक्त नकाशावर उरते.

देशाच्या पातळीवरचा अनुभवही हेच सांगतो. पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येक ग्रामपंचायतीला किमान १०० मेगाबिटचा वेग द्यायचे ठरले. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावांकडे एकेरी रेषेत केबल गेल्या. अशा रेषेत वाटेत केबल तुटली की पुढची सगळी गावे अंधारात जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली, आणि तीत सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायचे ठरले. पण ही रिंग ग्रामपंचायतीतल्या राउटरपर्यंतच येते. सेवा केंद्र, शाळा, घर यांना तिथून एकेरी फायबर द्यायची आहे. जिथे तुटण्याचा फटका अनेकांना बसतो तिथे दुहेरी वाट, आणि जिथे तो एकालाच बसतो तिथे एकेरी, अशी ही विभागणी आहे.

तेव्हा मुकुटबनसारख्या गावात, कारखान्यात असो वा पंचायतीत, एका संगणकासाठी निविदा काढताना दुहेरी जोडणीचे महाग कार्ड मागण्याची गरज नाही. तीन गोष्टी विचाराव्यात: जोडपेटी वीज गेल्यावर किती तास चालेल, रिंगच्या दोन बाजू कुठल्या दोन रस्त्यांनी येतात, आणि केबल तुटल्यावर स्प्लायसिंग करणारा माणूस किती वेळात पोहोचेल. या तिन्हींची नीट उत्तरे मिळाली, तर एका वायरीवरचा संगणकही भरवशाचा असतो. ती मिळाली नाहीत, तर दुहेरी कार्ड बसवूनही काही साधत नाही.