बारा बिटांची ओळख

दहा लाख ऑब्जेक्ट आणि त्यांना द्यायला वेगवेगळे क्रमांक फक्त ४,०९६. स्क्वीक या स्मॉलटॉक प्रणालीत कित्येक वर्षं हीच परिस्थिती होती. लहानसहान कामांत ती कुणाला जाणवत नसे. संच मोठा झाला, की मात्र एरवी चपळ असणारी प्रणाली रांगायला लागायची. या दुखण्यावर झालेले उपाय व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेची, बांधणी समजून घ्यायला फार उपयोगी आहेत.

स्मॉलटॉक घडली ती १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात. ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग ही त्यामागची मोठी नावं. या भाषेत आकडा, विंडो, खुद्द क्लाससुद्धा ऑब्जेक्टच. दोन ठिकाणी ‘पुणे’ अशी अक्षरं साठवली, तर ते दोन ऑब्जेक्ट समान ठरतात, पण एकच ठरत नाहीत. कित्येक कामांना नेमका हाच भेद लागतो. एकमेकांत गुंतलेल्या ऑब्जेक्टांचं जाळं फाईलमध्ये उतरवायचं असेल, तर ‘हा ऑब्जेक्ट आधी येऊन गेलाय का?’ हे प्रत्येक पावलाला विचारावं लागतं. नाहीतर प्रोग्राम त्याच वर्तुळात फिरत राहील. आयडेंटिटी-सेट आणि आयडेंटिटी-डिक्शनरी ही कलेक्शन्स आहेत ती यासाठी.

त्यांचं काम चालतं हॅशवर. नाट्यगृहात तिकिटावरचा क्रमांक पाहून आपण थेट खुर्ची गाठतो, तसा हॅशच्या आकड्यावरून टेबलातला खण थेट गाठायचा. खण भरलेला असेल तर पुढचा, तोही भरला असेल तर त्याच्या पुढचा.

हा आकडा आणायचा कुठून? मेमरीतला पत्ता चालत नाही, कारण पत्ता टिकत नाही. स्मॉलटॉक-८० च्या मूळ रचनेत ऑब्जेक्ट-टेबल असे. ऑब्जेक्ट मेमरीत हलला तरी टेबलातली त्याची जागा कायम राहायची, आणि तीच त्याची ओळख. पण दर वेळी टेबलातून जाणं महाग पडे. पुढे अनेक रचनांनी ते टेबल काढून टाकलं. १९८४ साली डेव्हिड उंगर यांनी बर्कलीत मांडलेल्या जनरेशन स्कॅव्हेंजिंग या मेमरी साफ करायच्या पद्धतीत तर जिवंत राहिलेले नवे ऑब्जेक्ट सतत एका जागेवरून दुसरीकडे उचलून ठेवले जातात. त्यामुळे ओळखीचा आकडा ऑब्जेक्टच्या हेडरमध्येच, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या नोंदीतच, लिहून ठेवणं भाग पडलं.

१९९६ मध्ये ॲपलमध्ये जन्मलेल्या स्क्वीकचं मूळ हेडर ३२ बिटांचं. गार्बेज कलेक्टरला ३, क्लाससाठी ५, स्वरूपासाठी ४, आकारासाठी ६, हेडरच्या प्रकारासाठी २ आणि हॅशसाठी १२. तेव्हाच्या मेमरीच्या मानाने ही काटकसर योग्यच होती. पण १२ बिटांत ४,०९६ च्या वर आकडे बसत नाहीत.

आता वीस लाख खणांच्या टेबलात दहा लाख ऑब्जेक्ट घालून बघा. प्रत्येकाचा शोध पहिल्या ४,०९६ खणांतच सुरू होणार. तिथून भरलेल्या खणांची सलग रांग वाढत जाते, मागचे सगळे खण रिकामे राहतात आणि एकेका शोधाला लाखो तुलना लागू शकतात.

पहिला उपाय लायब्ररीत झाला. हॅशचा आकडा १८ बिट डावीकडे सरकवायचा. १२ अधिक १८ म्हणजे ३० बिट, जे ३२ बिटांच्या प्रणालीतल्या साध्या पूर्णांकात नेमके मावतात. टेबलाचा आकार मूळ संख्या असावा लागतो. तो दोनचा घात असेल, तर लहान टेबलांत खण ठरवणारी भागाकाराची बाकी सरसकट शून्य येईल. या एका बदलाने गर्दी टेबलभर पसरली. तरीही एका आकड्यामागे सरासरी २४४ ऑब्जेक्ट उरलेच.

दुसरा उपाय असा: ४,०९६ कप्पे करायचे, हॅशवरून थेट कप्पा निवडायचा आणि ‘या ॲरेमध्ये हा ऑब्जेक्ट आहे का?’ हा प्रश्न व्हर्च्युअल मशीनच्या प्रिमिटिव्हला, म्हणजे त्यात आधीच बांधलेल्या क्रियेला, विचारायचा. तुलना तेवढ्याच राहतात, पण त्या मशीनच्या पोटात, कितीतरी वेगाने होतात.

मुळावरचा इलाज केला तो एलियट मिरांडा यांच्या पुढाकाराने घडलेल्या स्पर या मेमरी मॅनेजरने. २०१५ च्या स्क्वीक ५ मध्ये आणि २०१६ च्या फारो ५ या दुसऱ्या स्मॉलटॉक प्रणालीत तो आला. त्याचं हेडर ६४ बिटांचं, आणि त्यातले २२ बिट हॅशचे. म्हणजे ४१,९४,३०४ आकडे. दहा लाखांच्या संचात आता सरासरी एका आकड्यामागे एक ऑब्जेक्टही येत नाही. शिवाय पहिल्यांदा मागितल्याशिवाय हॅश दिलाच जात नाही. तोवर तिथे शून्य असतं. बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, त्यांच्यासाठी आकडा काढण्याचे कष्ट वाचतात. सरकवणं आता ८ बिटांचं; बेरीज पुन्हा ३०.

माझ्या मते या साऱ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. स्क्वीकचं व्हर्च्युअल मशीनसुद्धा बहुतांशी स्मॉलटॉकमध्येच लिहिलेलं आहे आणि नंतर सी भाषेत उतरवलं जातं. त्यामुळे संच वापरणारा माणूस त्याच भाषेत थेट हेडरच्या बिटांपर्यंत पोहोचू शकतो. आपला संच रेंगाळत असेल, तर वेगवान प्रोसेसर घेण्याआधी त्यातले हॅश किती वेगवेगळे आहेत ते मोजा, आणि मग स्परचा कोड उघडून वाचा. तो सर्वांसाठी खुला आहे.