पडदा, बोट आणि नोकिया

माझ्या मेजाच्या खणात २००३ साली बाजारात आलेला नोकिया ११०० हा फोन मी अद्याप जपून ठेवला आहे. त्याच्या कळा एकाच अखंड रबरी आवरणातून उठवलेल्या असल्यामुळे धुळीला आत शिरायला वाट म्हणून मिळत नाही; माथ्यावर एक इवलासा दिवा आहे, आणि रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणजे ज्या शेतकऱ्याला काळोखातून विहिरीवरचा पंप सुरू करावयास जावे लागे, त्याच्या लेखी त्या दिव्याची, गावच्या भाषेत त्या ‘बॅटरी’ची, किंमत फोनाहून कमी नव्हती. या एका नमुन्याचे सुमारे पंचवीस कोटी नग जगभर खपले. गरीब गिऱ्हाइकाची गरज जिला इतक्या बारकाईने उमगली होती, त्या कंपनीच्या हातून फोनचा धंदा पुढच्या दहा-अकरा वर्षांत समूळ गेला, याचा उलगडा केवळ जमाखर्चाच्या वह्या चाळून होत नाही.

फिनलंडमध्ये टाम्परे येथे १८६५ साली फ्रेड्रिक इडेस्टाम यांनी काढलेल्या लाकूडलगद्याच्या गिरणीपासून या घराण्याचा आरंभ झाला. पुढे रबरी बूट आणि विजेच्या तारा करणाऱ्या कारखान्यांशी १९६७ मध्ये तिचे एकीकरण झाले, आणि १९९२ साली कारभार हाती घेतलेल्या योर्मा ओलिला यांनी बाकीचे उद्योग हळूहळू विकून दूरसंचारावर सारी भिस्त ठेवली. १९९८ साली मोटोरोलाला मागे सारून नोकिया अव्वल ठरली.

तिची दक्षता काय दर्जाची होती, हे मार्च २००० मधील एका प्रसंगावरून दिसते. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे फिलिप्सच्या चिप-कारखान्यावर वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांत विझली, परंतु धुराने आणि पाण्याने धूलिरहित दालनांतील लक्षावधी चिपांचा नाश झाला. नोकियाच्या माणसांनी पुरवठ्यातील खंड तत्काळ हेरून दुसरीकडून माल मिळवण्याची तजवीज केली. त्याच कारखान्यावर विसंबलेली एरिक्सन मात्र आश्वासनांवर थांबली, तिला जबर तोटा सोसावा लागला आणि २००१ मध्ये तिने आपला फोनचा व्यवसाय सोनीच्या भागीदारीत नेला. दूर खंडावरील दहा मिनिटांच्या आगीची धग जिला लागली, तिला पुढे आपल्या अंगणातील आग दिसूनही विझवता आली नाही, हे मला या साऱ्या कथेतील सर्वांत क्लेशकारक वाटते.

९ जानेवारी २००७ रोजी सान फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी आयफोन दाखवला, तेव्हा नोकियाच्या मोजपट्टीने तो दुबळाच होता. तिच्या एन९५ मध्ये पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, जीपीएस आणि तिसऱ्या पिढीची रेडिओ-यंत्रणा होती. आयफोनचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, आणि उरलेल्या दोन्ही गोष्टींचा त्यात अभाव. त्याचे सामर्थ्य काचेखाली होते. नोकियाने उत्तरादाखल २००८ च्या अखेरीस आणलेल्या ५८०० या फोनचा पडदा रोधक जातीचा होता: दोन पारदर्शक वाहक थर सूक्ष्म ठिपक्यांनी एकमेकांपासून अलग ठेवलेले, वरचा थर दाबला की तो वाकून खालच्याला टेकतो आणि त्या बिंदूवरील विद्युत्-दाबावरून जागा कळते. हा पडदा हातमोज्यातही चालतो, स्वस्त पडतो, नखालाही दाद देतो. गिटारच्या नखीसारखी एक चकती त्या फोनबरोबर मिळतही असे. परंतु बोट नुसते सरकवून त्याचे समाधान होत नाही, त्याला दाब हवा असतो, आणि एका वेळी तो साधारणतः एकच स्पर्श ओळखतो.

आयफोनच्या काचेखाली इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक वाहकांची आडवी-उभी जाळी आहे. आपले शरीर क्षारयुक्त पाण्याने भरलेले, म्हणजे विजेचे वाहक, असल्यामुळे बोट काचेजवळ येताच तेथील विद्युत्-धारितेत किंचित फरक पडतो, आणि प्रत्येक छेदबिंदूवरील हा फरक सेकंदातून अनेकदा मोजला जात असल्यामुळे दोन-चार बोटांच्या जागा एकदमच कळतात. दाबण्याची गरज उरत नाही. चित्र जणू बोटालाच चिकटून सरकते. ही कल्पनाही नवी नव्हती: इंग्लंडातील माल्व्हर्न येथील रडार-संशोधनसंस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच धारितेवर चालणाऱ्या स्पर्शपडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

पडदा तर विकत घेता आला असता. खरी अडचण नोकियाच्या फोनांतील सिंबियन या कार्यप्रणालीची होती. स्मृती मोजक्या मेगाबाइटांची आणि बॅटरी अशक्त अशा काळात तिचा पाया घातला गेल्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्याला स्मृतीच्या कणाकणाचा हिशेब स्वतः चुकता करावा लागे. एके काळी हीच काटकसर तिचे भूषण होती. जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले आणि बाहेरचे हजारो लोक फोनसाठी आज्ञावली लिहू लागले, तेव्हा तीच पायातील बेडी ठरली.

या उलथापालथीचे शास्त्र मांडणारे क्लेटन ख्रिस्टेन्सन हेदेखील येथे चुकले. प्रस्थापितांना हादरा बसतो तो प्रथम खालून, स्वस्त आणि सामान्य वस्तूकडून, या आपल्या उपपत्तीच्या आधारे आयफोन यशस्वी होणार नाही, असे भाकीत त्यांनी २००७ मध्ये केले. आयफोनची गाठ फोनाशी नसून संगणकाशी होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले, आणि विद्वानाची ही ऋजुता मला त्या उपपत्तीइतकीच मोलाची वाटते.

नोकियातील जाणत्यांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. क्वी ह्यू आणि टिमो वुओरी या अभ्यासकांनी तेथील अधिकारी, अभियंते आणि बाहेरचे जाणकार मिळून ७६ जणांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा भीतीचे एक दुपदरी चित्र पुढे आले: वरिष्ठांना प्रतिस्पर्ध्यांची आणि भागधारकांची धास्ती, मधल्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांची, परिणामी सिंबियनच्या उणिवांची बातमी दरबारापर्यंत पोचेतोवर सौम्य होई आणि न झेपणाऱ्या मुदतींना होकार मिळे. अल्बुकर्कच्या वेळी वाईट बातमी निर्भयपणे वर गेली होती. या वेळी तिचा रस्ता अडला होता.

सप्टेंबर २०१० मध्ये स्टीफन एलॉप यांची मुखत्यारी सुरू झाली, फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीशी तह झाला, आणि एप्रिल २०१४ मध्ये फोनचा सारा कारभार मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन झाला. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि त्याच वर्षी बंद पडला.

विक्रीपत्रातून नोकियाने आपले स्वामित्वहक्क मात्र वगळून स्वतःपाशी ठेवले. हवेतून संदेश वाहून नेण्याच्या विद्येत तिने दीर्घकाळ केलेल्या संशोधनाचे हे संचित होते. आणि त्याच्याच बळावर, या विक्रीच्या आधीच, जून २०११ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार आयफोनच्या निर्मात्यांनी तिला एकरकमी भरणा केला व पुढेही स्वामित्वशुल्क देत राहण्याचे कबूल केले.